अमेरिकेत नवीन आलात? घटनात्मक हक्क, फेडरल कायदा आणि स्टेट कायदा यांचं गणित असं समजून घ्या

भारतातून आलेल्या आपल्या माणसाच्या डोक्यात कायद्याचं जे चित्र असतं ते भारतातलंच असतं, साहजिक आहे. आपल्याकडे घटना एक, फौजदारी कायदा सगळ्या देशाला एक (आधी आयपीसी होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता), आणि कोर्टांची उतरंडही एकच, खालच्या कोर्टातून निघालेली केस जिल्हा, हायकोर्ट करत करत दिल्लीला पोचते. इथे तसं नाहीये. देशाची एक घटना आहेच, पण शिवाय पन्नास राज्यांच्या पन्नास वेगळ्या घटना आहेत, प्रत्येक राज्याचा स्वतःचा पीनल कोड, स्वतःची कोर्टं, स्वतःचे न्यायाधीश. म्हणजे न्यू जर्सीत राहणाऱ्या माणसावर एकाच वेळी दोन सरकारं (देशाचं म्हणजे फेडरल आणि राज्याचं म्हणजे स्टेट) आणि दोन घटना लागू असतात आणि कुठल्या वेळी कुठली कामाची हे कळलं नाही की माणूस एकतर उगाच घाबरतो नाहीतर उगाच भांडतो. मी वकील नाही, पण इथे बरीच वर्षं आहे आणि नवीन आलेली पोरं फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. ज्या क्रमाने विचार करायला हवा त्याच क्रमाने लिहिलंय, त्यामुळे मधूनच वाचायला सुरुवात करू नका.

स्टेप १: आधी बघा, समोर कोण आहे?

"फ्रीडम ऑफ स्पीच आहे ना इथे, मग कंपनीने मला पोस्ट टाकली म्हणून काढलंच कसं?" हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की आता हसूही येत नाही. उत्तर सोपं आहे. अमेरिकन घटनेतले हक्क सरकारविरुद्ध आहेत, तुमच्या मॅनेजरविरुद्ध नाहीत. पहिली घटनादुरुस्ती सरकारला सांगते की तू लोकांची तोंडं बंद करू नकोस, ती खाजगी कंपनीला, सोसायटीच्या एचओएला (घरमालकांच्या संघटनेला) किंवा सोशल मीडियाच्या ॲपला काहीच सांगत नाही. पोलीस, सरकारी शाळा, डीएमव्ही (ड्रायव्हिंग लायसन्स देणारं राज्याचं ऑफिस), सिटी कौन्सिल, सरकारी विद्यापीठ समोर असेल तर घटनेचं नाव घ्या, खाजगी माणूस किंवा कंपनी असेल तर घटना बाजूला ठेवा आणि एखादा साधा कायदा सापडतोय का ते बघा. एकच ठळक अपवाद आहे, १८६५ची तेरावी दुरुस्ती, गुलामगिरी बंद करणारी, ती खाजगी माणसालाही लागते.

आपल्याला हे खटकतं कारण आपल्या घटनेत कलम १७ आहे, अस्पृश्यता कोणीच पाळायची नाही, सरकारने नाही आणि शेजाऱ्यानेही नाही, आणि कलम १५ मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी, पाणवठे यांचा थेट उल्लेख आहे. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियाला शिकायला आले होते, अमेरिकेचा हा सगळा कारभार त्यांनी जवळून पाहिलेला, आणि आपल्याकडे अत्याचार फक्त सरकार करत नाही हे तर त्यांना स्वतःच्या आयुष्यावरूनच माहीत होतं. माझ्या मते या एका बाबतीत आपली घटना जास्त शहाणी आहे.

मग अमेरिकेत खाजगी कंपनीने भेदभाव केला तर काहीच नाही का? आहे ना, पण ते घटनेतून येत नाही, कायद्यातून येतं. १९६४चा सिव्हिल राइट्स ॲक्ट, त्यातलं टायटल सेव्हन: वंश, रंग, धर्म, लिंग, मूळ देश यावरून नोकरीत भेदभाव करायचा नाही, पण कंपनीत किमान १५ माणसं असली तरच हा फेडरल कायदा लागतो. आता गंमत बघा, तुम्ही कॅलिफोर्नियातल्या आठ जणांच्या स्टार्टअपमध्ये असाल तर फेडरल कायदा लागत नाही पण कॅलिफोर्नियाचा स्वतःचा कायदा पाच माणसांपासूनच सुरू होतो. म्हणजे फेडरलचा दरवाजा बंद दिसला म्हणून परत फिरायचं नाही, स्टेटचं दार वाजवून बघायचं. आणि कधी कधी त्याच्याही खाली, शहराचं. जातीचंच उदाहरण घ्या, फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातीवरून भेदभावाला बंदी घातली, असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने राज्यभरासाठी तसंच बिल पास केलं पण ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी व्हेटो केला, म्हणाले की आत्ताच्या कायद्यातच हे बसतं. तेव्हा तुमचं ऑफिस कुठल्या राज्यात आहे एवढंच नाही, कुठल्या शहराच्या हद्दीत आहे तेही बघावं लागतं.

विद्यार्थ्यांसाठी अजून एक. यूसी बर्कली सरकारी आहे, तिथे पहिली दुरुस्ती थेट लागते. स्टॅनफर्ड खाजगी, तिथे लागत नाही. पण १९९२चा कॅलिफोर्नियाचा लिओनार्ड लॉ म्हणून कायदा आहे, तो म्हणतो की विद्यार्थ्याला कॅम्पसबाहेर जे बोलण्याचं संरक्षण आहे ते बोलला म्हणून खाजगी कॉलेजनेही शिक्षा करायची नाही (धार्मिक संस्थांना थोडी सूट आहे). दुसऱ्या राज्यातल्या खाजगी कॉलेजात हे गृहीत धरू नका, तिथे स्टुडंट हँडबुक काढून वाचा.

स्टेप २: कागद आला की आधी त्याचा माथा वाचा

कोर्टाचा किंवा पोलिसांचा कुठलाही कागद हातात आला की लोक थेट रक्कम किंवा तारीख शोधतात. आधी वरचं वाचा. "युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका विरुद्ध अमुक" असं असेल तर प्रकरण फेडरल. "पीपल ऑफ द स्टेट ऑफ कॅलिफोर्निया", "स्टेट ऑफ न्यू जर्सी", "कॉमनवेल्थ ऑफ पेनसिल्वेनिया" असेल तर स्टेटचं. कायद्याचा नंबर दिला असेल तर त्यात यू.एस.सी. किंवा सी.एफ.आर. ही अक्षरं दिसली की फेडरल, राज्याचं नाव दिसलं की स्टेट.

कोर्टाच्या नावावर मात्र जाऊ नका. न्यूयॉर्क राज्यात सुप्रीम कोर्ट हे खटले चालवणारं साधं ट्रायल कोर्ट आहे, सगळ्यात वरचं कोर्ट तिथे कोर्ट ऑफ अपील्स. टेक्ससमध्ये डिस्ट्रिक्ट कोर्ट स्टेटचंही असतं आणि फेडरलचंही. सुप्रीम कोर्टाचा कागद आला म्हणून एखाद्याच्या घरच्यांची झोप उडते आणि असतं काय तर साधा दिवाणी दावा.

ढोबळ हिशोब असा. लायसन्स, ट्रॅफिक, चोरी, मारामारी, घरभाडं, डिपॉझिट, लग्न, घटस्फोट, मुलांचा ताबा हे सगळं स्टेटचं. व्हिसा, नागरिकत्व, बँकरप्सी, पेटंट, सोशल सिक्युरिटी हे फेडरल. टॅक्स दोघांचाही. डिपॉझिटचंच बघा, घर सोडल्यावर घरमालकाने डिपॉझिट परत करायची मुदत न्यूयॉर्कमध्ये १४ दिवस, कॅलिफोर्नियात २१, न्यू जर्सीत आणि टेक्ससमध्ये ३०. एकच देश, एकच डॉलर, आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

आणि एकाच कृत्यावर दोन्ही सरकारं वेगवेगळा खटला भरू शकतात. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला नको असं पाचवी दुरुस्ती म्हणते खरं, पण सुप्रीम कोर्टाने २०१९च्या गॅम्बल केसमध्ये पुन्हा सांगितलं की स्टेट आणि फेडरल ही दोन वेगळी सरकारं, त्यामुळे दोन वेगळे गुन्हे. जॉर्ज फ्लॉइडच्या खुनाच्या प्रकरणात तो करणाऱ्या पोलिसाला, डेरेक शॉव्हिनला, मिनेसोटाच्या कोर्टात शिक्षा झाली आणि वर फेडरल कोर्टात नागरी हक्कांच्या आरोपावर त्याने वेगळा गुन्हा कबूल केला.

स्टेप ३: देशाच्या घटनेतला हक्क राज्याच्या पोलिसाला कसा काय लागतो?

हा भाग थोडा इतिहासाचा आहे पण तो कळला की बाकीचं आपोआप बसतं. १७९१ मध्ये पहिल्या दहा दुरुस्त्या आल्या, ज्यांना बिल ऑफ राइट्स म्हणतात, त्या फक्त फेडरल सरकारला बांधत होत्या. बाल्टिमोरच्या एका धक्क्याच्या मालकाने शहराविरुद्ध केस केली, १८३३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे हक्क राज्यांविरुद्ध चालत नाहीत. मग यादवी युद्ध झालं आणि १८६८ मध्ये चौदावी दुरुस्ती आली: कुठलंही राज्य कोणत्याही व्यक्तीचं जीवन, स्वातंत्र्य, मालमत्ता योग्य प्रक्रियेशिवाय काढून घेणार नाही आणि कायद्याचं समान संरक्षण नाकारणार नाही. या एका वाक्याच्या दारातून पुढे शंभर-दीडशे वर्षं कोर्टाने एकेक हक्क राज्यांना लावत नेला, सगळे एकदम नाही, केस येईल तसा.

यातली माझी आवडती केस गिडियनची. १९६१, फ्लोरिडातलं पनामा सिटी, क्लॅरेन्स गिडियन नावाच्या गरीब माणसावर एक पूल-रूम फोडल्याचा आरोप. त्याने कोर्टात वकील मागितला, जज म्हणाले फ्लोरिडाच्या कायद्यात फाशीची केस असेल तरच सरकारी खर्चाने वकील देता येतो. बिचाऱ्याने स्वतःच केस लढवली, हरला, पाच वर्षं शिक्षा. तुरुंगातून त्याने पेन्सिलने, तुरुंगाच्याच कागदावर, सुप्रीम कोर्टाला अर्ज लिहिला. १९६३ मध्ये कोर्टाने एकमताने निकाल दिला की गंभीर फौजदारी खटल्यात ज्याला परवडत नाही त्याला राज्याने वकील द्यायलाच पाहिजे. परत खटला चालला, या वेळी वकील होता, आणि ज्युरीने निर्दोष सोडला. आज गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील (बऱ्याच ठिकाणी त्याला पब्लिक डिफेंडर म्हणतात) मिळतो तो या माणसाच्या पेन्सिलमुळे.

चौदाव्या दुरुस्तीच्या वरच्या वाक्यात शब्द "व्यक्ती" असा आहे, "नागरिक" नाही, आणि हे आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. १८८०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत लाकडी इमारतीत लाँड्री चालवायला परवाना लागायचा आणि चिनी लोकांचे सुमारे दोनशे अर्ज सगळेच्या सगळे फेटाळले, गोऱ्यांचे जवळजवळ सगळे मंजूर. १८८६च्या यिक वो केसमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, हे लोक नागरिक नसले तरी समान संरक्षण त्यांनाही आहे. तेव्हा "मी एफ-१वर (विद्यार्थी व्हिसावर) आहे, मला कसले हक्क" असं म्हणू नका. पोलिसांसमोर, कोर्टासमोर तुम्हाला हक्क आहेत. फरक इमिग्रेशनच्या प्रकरणात पडतो, इमिग्रेशन कोर्टात वकील आणता येतो पण स्वतःच्या खर्चाने, तिथे गिडियन कामाला येत नाही.

स्टेप ४: राज्य जास्त देऊ शकतं, कमी नाही

देशाची घटना पानात जेवढं वाढते तेवढं कुठल्याही राज्याला उचलून घेता येत नाही, पण वरून अजून वाढायला त्याला कोणी अडवत नाही.

ट्रॅफिक स्टॉप घ्या, कारण हा प्रसंग सगळ्यांवर येतो. मागे दिवे लागले की उजवीकडे सुरक्षित जागी गाडी घ्यायची, इंजिन बंद, रात्र असेल तर आतला दिवा लावायचा, हात स्टिअरिंगवर दिसतील असे. भारतातल्या सवयीने गाडीतून उतरून पोलिसाकडे चालत जाऊ नका, इथे तो धोका समजला जातो. त्याने उतरायला सांगितलं तर मात्र उतरायचं, तो अधिकार त्याला १९७७च्या निकालाने आहे. लायसन्स, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स द्यायचे. मग समजा तो म्हणाला, "गाडी जरा बघू का?" हा प्रश्न आहे, हुकूम नाही. शांतपणे म्हणा, "ऑफिसर, आय डू नॉट कन्सेंट टू अ सर्च." चौथी दुरुस्ती तुमच्या बाजूने आहे. तरीही त्याने झडती घेतली तर अडवायचं नाही, हात लावायचा नाही, वाद रस्त्यावर नाही, कोर्टात. १९६१च्या मॅप केसपासून बेकायदा झडतीत सापडलेला पुरावा राज्याच्या कोर्टातही सहसा वापरता येत नाही.

आता राज्याचा फरक. देशाच्या घटनेप्रमाणे पोलिसाने तुम्हाला "तू नाही म्हणू शकतोस" असं सांगायची गरज नाही. पण एडिसनला राहत असाल तर न्यू जर्सीच्या घटनेप्रमाणे २००२ पासून पोलिसाला ठोस संशयाचं कारण असल्याशिवाय ट्रॅफिक स्टॉपमध्ये झडतीची परवानगी मागताही येत नाही, आणि तुम्हाला नकाराचा हक्क माहीत होता हे सरकारला दाखवावं लागतं. नदी ओलांडून पेनसिल्वेनियात गेलात तर तिथे २०२० पासून वॉरंटशिवाय गाडीची झडती घ्यायला सबळ कारण तर हवंच, शिवाय तातडीची परिस्थितीही हवी, देशपातळीवर नुसतं सबळ कारण पुरतं. त्याच वेळी नेवाडासारख्या राज्यात संशयावरून अडवलं तर नाव सांगायलाच लागतं, न सांगणं हाच गुन्हा, आणि सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये ते चालतं म्हणून सांगितलंय.

अटक झाली तर एक वाक्य पाठ करून ठेवा, "आय वॉन्ट अ लॉयर." आणि मग खरंच गप्प. नुसतं गप्प बसणं पुरत नाही बरं का, २०१०च्या एका निकालात आरोपी जवळजवळ तीन तास बहुतेक गप्पच होता, मग एका प्रश्नाला हो म्हणाला आणि ते त्याच्याविरुद्ध वापरलं गेलं, कारण मी गप्प राहण्याचा हक्क वापरतोय असं त्याने तोंडाने सांगितलंच नव्हतं.

उलट बाजूही ध्यानात ठेवा, देशपातळीवरचा हक्क कोर्ट काढूनही घेऊ शकतं. गर्भपाताचा हक्क १९७३ पासून सगळ्या देशाला होता, जून २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल रद्द केला आणि विषय राज्यांकडे गेला. आज काही राज्यांत तो त्यांच्या स्वतःच्या घटनेत लिहिलेला हक्क आहे आणि काही राज्यांत जवळजवळ पूर्ण बंदी. नोकरीसाठी राज्य बदलताना लोक स्कूल डिस्ट्रिक्ट आणि इन्कम टॅक्स बघतात, हेही बघायला पाहिजे, विशेषतः घरात कोणी बाळाचा विचार करत असेल तर.

स्टेप ५: दोन कायदे एकमेकांना भिडले तर?

घटनेचं सहावं कलम म्हणतं देशाची घटना आणि त्याप्रमाणे केलेले फेडरल कायदे वरचढ, आणि दहावी दुरुस्ती म्हणते जे फेडरलला दिलेलं नाही ते राज्यांचं. दोन्ही एकदम पाळता येत असतील तर भांडण नाही. फेडरल किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलर, कॅलिफोर्नियाचं त्याच्या दुपटीहून जास्त, मालकाने जास्तीचं दिलं की दोन्ही पाळले. इमिग्रेशनमध्ये मात्र राज्याने स्वतःचा वेगळा कायदा करायचा म्हटलं की अडतं, ॲरिझोनाने २०१० मध्ये केला, २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने समोर आलेल्या चार कलमांपैकी तीन उडवली.

खरा सापळा गांजाचा आहे. कॅलिफोर्निया, कोलोरॅडो, न्यू जर्सी, रस्त्यावर चकाचक दुकानं, आत कार्ड दाखवून गमी (गांजाची चघळायची गोळी) घेता येते, सगळं स्टेट कायद्याप्रमाणे कायदेशीर. फेडरल कायद्यात बेकायदाच, आणि २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की राज्याने परवानगी दिली तरी फेडरल कायदा चालतो. अमेरिकन मित्राला यात सहसा काही होत नाही. तुमचा व्हिसा फेडरल आहे, तुमचं ग्रीन कार्ड फेडरल आहे, त्यामुळे एअरपोर्टवर किंवा इंटरव्ह्यूत "कधी घेतलंय का" ला "हो, पण तिथे लीगल होतं" हे उत्तर महागात पडू शकतं. तशा दुकानात नोकरीही नको.

स्टेप ६: स्टेटमध्ये मिटलं म्हणजे मिटलं नाही

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि नवीन लोक नेमके इथेच फसतात. समजा मॉलमध्ये सेल्फ-चेकआउटवर एखाद्याने दोन वस्तू स्कॅन न करता पिशवीत टाकल्या, पकडला गेला, स्टेटचा छोटा गुन्हा. कोर्टात ऑफर येते, गुन्हा कबूल कर, काही महिने नीट वाग, दंड भर, केस डिसमिस. स्टेटच्या दृष्टीने कन्व्हिक्शन (दोषी ठरणं) झालंच नाही. पण फेडरल इमिग्रेशन कायद्याची कन्व्हिक्शनची व्याख्या वेगळी आहे, गुन्हा कबूल केला आणि जजने कसलीही शिक्षा किंवा बंधन घातलं की झालं, नंतर डिसमिस होवो न होवो. आणि चोरी हा त्यांच्या हिशोबात नीतिमत्तेशी संबंधित गुन्हा. २०१०च्या पडिया विरुद्ध केंटकी निकालानंतर क्रिमिनल वकिलाला डिपोर्टेशनचा धोका तुम्हाला सांगणं बंधनकारक आहे, पण तुम्ही व्हिसावर आहात हे आधी त्याला सांगा तरी. कबुलीच्या कागदावर सही करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, दोघांना एकमेकांशी बोलायला लावा, फी जाईल पण जाऊ दे.

डीएमव्हीत लायसन्सच्या फॉर्मवर मतदार नोंदणीचा चौकोन असतो. नागरिक नसाल तर तिथे टिक करायची नाही, चुकूनही नाही, काउंटरवरची बाई घाईत "साइन हिअर" म्हणाली तरी वाचूनच सही करा. मेरीलँडमधल्या टाकोमा पार्कसारख्या काही गावांत नागरिक नसलेल्यांना गावच्या निवडणुकीत मत देता येतं हे खरं, पण ते तेवढ्याच गावापुरतं. फेडरल निवडणुकीत मत देणं किंवा स्वतःला नागरिक म्हणवणं हे ग्रीन कार्डची वाट कायमची बंद करू शकतं.

बंदुकीचंही तसंच. दुसऱ्या दुरुस्तीचं एवढं ऐकतो आपण, पण एच-१बी, एफ-१ अशा व्हिसावरच्या माणसाने बंदूक बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे, शिकारीचं वैध लायसन्स असण्यासारखे मोजके अपवाद सोडले तर. टेक्ससमध्ये सगळे बाळगतात हा बचाव होत नाही.

आणि १८ वर्षांवरच्या ग्रीन कार्डवाल्याने कार्ड सोबत ठेवायचं, व्हिसावाल्याने आय-९४ (अमेरिकेत आल्याची सरकारी नोंद), हा फेडरल नियम आहे, राज्य कुठलंही असो. आय-९४ची प्रिंट पाकिटात घडी करून ठेवा, काही वजन होत नाही.

स्टेप ७: हक्क मोडला गेला तर

घरी आल्या आल्या लिहून काढा, तारीख, वेळ, जागा, ऑफिसरचं नाव आणि बॅज नंबर, गाडीचा नंबर, कोण बघत होतं. राज्याच्या किंवा शहराच्या अधिकाऱ्याने घटनात्मक हक्क मोडला तर १८७१च्या जुन्या कायद्याखाली, वकील ज्याला सेक्शन १९८३ म्हणतात, थेट फेडरल कोर्टात दावा लावता येतो. अवघड असतं, अधिकाऱ्यांना क्वालिफाइड इम्युनिटीचं संरक्षण आहे, म्हणजे तो हक्क आधीपासून स्पष्टपणे ठरलेला होता हे दाखवता आलं नाही तर अधिकारी सुटतो. फेडरल अधिकाऱ्याविरुद्ध हे कलम चालत नाही, तो रस्ता अजून अरुंद आहे.

मुदती मात्र फार कडक आणि प्रत्येकाची वेगळी. नोकरीतल्या भेदभावाची फेडरल तक्रार ईईओसीकडे (अशा तक्रारी बघणारी फेडरल संस्था) १८० दिवसांत, राज्याची स्वतःची यंत्रणा असेल तर ३०० दिवसांत. सरकारी गाडीने धडक दिली किंवा सरकारी माणसाच्या हलगर्जीपणामुळे इजा झाली असा राज्याच्या कायद्याखालचा दावा असेल तर आधी नोटीस द्यावी लागते, न्यू जर्सीत ९० दिवसांत, कॅलिफोर्नियात सहा महिन्यांत. वकिलाची पहिली भेट ठरवताना फोनवरच हे विचारा की माझ्या प्रकरणात स्टेटची मुदत कुठली, फेडरलची कुठली, आणि आधी संपणारी कुठली.